डायल आधी की मशीन?

जुन्या मनगटी घड्याळाची किंमत चार गोष्टींवर ठरते. ते कितपत मूळचे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, त्याचे सुटे भाग आज मिळतात का आणि तसे घड्याळ शोधणारी माणसे किती आहेत. पहिलेच घड्याळ घेणाऱ्याला यातले काहीच वरवर पाहून कळत नाही. त्याला दिसते चकचकीत काच, ऐकू येते टिकटिक आणि समोर असतो विक्रेत्याने सांगितलेला आकडा.

भारतात हा पहिला व्यवहार बहुधा एच.एम.टी.चा असतो. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 मध्ये बंगळूरला स्थापन झाली आणि 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने मनगटी घड्याळे काढायला सुरुवात केली. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन ही नावे त्यानंतर घरोघर पोहोचली. परीक्षा पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर किंवा लग्नात मिळालेले घड्याळ म्हणून ती आजही कित्येक कपाटांत आहेत. 1987 पासून टायटनची क्वार्ट्‌झ घड्याळे दुकानांत आली, चावीचे घड्याळ मागे पडत गेले आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस बंद करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. कारखाना थांबला आणि जुन्या घड्याळांची मागणी वाढली. मागणी वाढली तशी सुट्या भागांतून जुळवलेली, रंगवलेली घड्याळेही बाजारात वाढली. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एच.एम.टी.च्या शेजारीच फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड, सायको आणि एकेकाळी आखातातून आलेली स्विस घड्याळे मांडलेली असतात. पारख करण्याची रीत सगळ्यांना सारखीच लागू पडते.

या पारखीत दोन भूमिका एकमेकींसमोर उभ्या राहतात. एक संग्राहकाची, जिला मूळपणा सर्वांत मोलाचा वाटतो. दुसरी घड्याळजीची, जिच्या लेखी चालत नाही ते घड्याळ नव्हेच. खालच्या संवादातले संग्राहक आणि घड्याळजी ही या दोन भूमिकांची नावे आहेत.

संग्राहक : काका, नवख्या माणसाने आधी डायल पाहावी असं माझं मत आहे. मशीन तुम्ही उघडाल, धुवाल, तेल द्याल. काच नवी बसवाल, पट्टा तर कुठेही मिळतो. पण डायलवरची मूळ छपाई गेली की ती कोणालाही परत आणता येत नाही.

घड्याळजी : साहेब, डायल सुंदर आणि आत गंज, अशी घड्याळं माझ्या टेबलावर रोज येतात. घेणाऱ्याने वरचा चेहरा पाहून पैसे मोजलेले असतात. मग बॅलन्सचा, म्हणजे झोके घेणाऱ्या चाकाचा, दांडा मोडलेला निघतो, त्या चाकाची बारीक हेअरस्प्रिंग गुंतलेली निघते, आणि दुरुस्तीचा खर्च घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आधी मशीन बघा, मग बाकीचं.

संग्राहक : आणि मशीन उत्तम, डायल परवा रंगवलेली, असं निघालं तर?

घड्याळजी : तर निदान वेळ तरी बरोबर दाखवेल.

मतभेदाची मुळे दोघांच्या कामात आहेत. डायल म्हणजे पितळेची पातळ चकती. तिच्यावर रंगाचे किंवा मुलाम्याचे थर, त्यावर अक्षरांची आणि मिनिटांच्या रेघांची छपाई, आणि त्यावर लाखेचे पातळ आवरण. झाकणातून किंवा चावीच्या भोकातून ओल आत शिरली की हे आवरण पिवळे पडते, फुगते, त्यावर डाग उमटतात. मुंबई आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत हे लवकर होते. अशी डायल पुन्हा रंगवून घेण्याची, म्हणजे रिडायल करण्याची, सोय इथे अनेक दशके होती आणि ती उघडपणे चालणारी कारागिरी होती.

घड्याळजी : पावसाळा संपला की काचेत वाफ धरलेली घड्याळं यायची. डायल काळी-पिवळी झालेली. माणूस म्हणायचा, नव्यासारखी करून द्या. आम्ही रंगाऱ्याकडे पाठवायचो, तो अक्षरं पुन्हा छापून द्यायचा. मालक खूश व्हायचा. त्यात लबाडी कसली?

संग्राहक : मालकाने स्वतःच्या मनगटासाठी करून घेतली तेव्हा काहीच लबाडी नव्हती, काका. तीच डायल आज 'एकदम ओरिजिनल' म्हणून दुप्पट दराने विकतात, ती लबाडी आहे. शिवाय आता रंगवणाऱ्याला मूळ रूप परत आणायचं नसतंच. त्याला गिऱ्हाईक थांबवणारा रंग हवा असतो.

संग्राहकाचा हा मुद्दा खरा आहे. जुन्या एच.एम.टी. पायलटची डायल काळी आणि साधी असे. बाजारात मात्र नारिंगी, पोपटी, पिवळ्याधमक डायलचे पायलट मिळतात. काहींवर सैन्यदलाची चिन्हे, काहींवर रेल्वेचे नाव छापलेले असते. जुने मशीन, जुनी किंवा नवी केस आणि मनात येईल तशी छापलेली डायल अशा जुळणीला परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. सैन्याशी नाव जोडले की किंमत चढते. म्हणून एच.एम.टी. जवानसारख्या घड्याळाची डायल आणि झाकणावरच्या खुणा दुप्पट काळजीने पाहाव्या लागतात.

रंगवलेली डायल ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. कारखान्यातल्या छपाईत अक्षरांच्या कडा तुटक नसतात आणि सगळ्या रेघांची जाडी सारखी असते. हाताने किंवा घाईने केलेल्या छपाईत एखादे अक्षर जाड, एखादे बारीक दिसते आणि गोलाकार ओळ किंचित सरकते. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका रेषेत आहेत का, हे बारा, तीन, सहा आणि नऊ या चार जागी तपासावे. फरक बहुतेक तिथेच सापडतो. धातूच्या खुणा डायलवर बसवलेल्या असतील तर त्यांच्या बुडाशी रंग साचला आहे का, तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंगाचा ओघळ आहे का, हे पाहावे. स्विस घड्याळात सहाच्या खाली, अगदी कडेला 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. रंगवताना ही ओळ अनेकदा गाळली जाते किंवा काचेच्या कड्याखाली अर्धी झाकली जाते. घड्याळ उघडून डायल बाहेर काढता आली तर तिच्या कडेला कानशीने पाडलेली छोटी खाच दिसू शकते. छपाईच्या वेळी डायल सरळ बसावी म्हणून रंगारी ती पाडतात.

याहून सोपी एक कसोटी आहे आणि नवख्याने तीच आधी लावावी. घड्याळाचे सगळे भाग एकाच वयाचे दिसतात का? केसच्या कडा झिजल्या आहेत, झाकणावर ओरखडे आहेत, काट्यांचा मुलामा उडाला आहे आणि डायल मात्र काल छापल्यासारखी कोरी असेल तर तिच्यावर काम झालेले आहे.

घड्याळजी : डाग पडलेली मूळ डायल आणि स्वच्छ रंगवलेली डायल समोर ठेवली तर दहातले नऊ गिऱ्हाईक स्वच्छ उचलतात.

संग्राहक : आणि दहावा माणूस डागाळलेलीला जास्त पैसे देतो. किंमत तो ठरवतो, काका.

डायलनंतर केस. इथे दोघांत फारसा वाद नाही. मागच्या झाकणावर फक्त 'स्टेनलेस स्टील बॅक' असे कोरलेले असेल तर तेवढे झाकणच पोलादी असते. पुढची केस पितळेची असून तिच्यावर क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा असतो. घाम आणि घर्षण यांनी हा मुलामा पट्टा अडकतो त्या चार टोकांच्या आतल्या बाजूला आणि कडांवर आधी जातो, आणि खालचे पिवळे पितळ दिसू लागते. चांगल्या मुलाम्याच्या घड्याळांवर 10 किंवा 20 मायक्रॉन असा जाडीचा उल्लेख असतो. मुलामा पुन्हा चढवता येतो, पण त्याआधी पॉलिश करावे लागते आणि त्यात कोरीव अक्षरे पुसट होतात. पोलादी केसही वारंवार पॉलिश केली की तिच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. म्हणून ओरखडे असलेली, पण कडा शाबूत असलेली केस ही चकाकणाऱ्या गोलसर केसपेक्षा सरस समजावी. सोन्याच्या केसवर कॅरेटची खूण शोधावी. 18 कॅरेटला 750 असा आकडा असतो. अशा घड्याळाची किंमत सोन्याच्या वजनाच्या खाली सहसा उतरत नाही, मात्र हे वजन मशीन काढून धरायचे असते.

काचेचे मनावर घेऊ नये. त्या काळातली बहुतेक काच ॲक्रिलिकची असते. बारीक ओरखडे घासून जातात आणि नवी काच स्वस्तात बसते.

घड्याळजी : आता मशीनकडे या. आणि हे लोक अवजारांशिवायही तपासू शकतात. चावी हळूहळू द्यायची. प्रत्येक फेऱ्याला कटकट आवाज यायला हवा, हाताला हळूहळू ताण जाणवायला हवा. हाताने चावी द्यायच्या घड्याळात शेवटी चावी अडायलाच हवी. फिरतच राहिली तर स्प्रिंग तुटलेली किंवा सुटलेली.

संग्राहक : आणि चावी पूर्ण भरलेली, पण घड्याळ बंद? विकणारे सांगतात, जास्त चावी बसली म्हणून अडकलंय.

घड्याळजी : चावी जास्त बसत नसते, साहेब. स्प्रिंग भरली की भरली. तरी चालत नसेल तर आत तेल सुकलंय, मळ बसलाय किंवा काहीतरी मोडलंय. 'जास्त चावी' ऐकलं की सर्व्हिसिंगचा पूर्ण खर्च धरूनच बोली करायची.

चावी बाहेर ओढून काटे दोन्ही दिशांनी फिरवून पाहावेत. ते अगदीच हलके फिरले तर घड्याळ चालेल, पण काटे घसरतील आणि वेळ मागे पडेल. तारीख असेल तर काटे बाराच्या पुढे नेऊन ती बदलते का पाहावे. नंतर घड्याळ कानाशी धरून काच वर, काच खाली, चावी वर, चावी खाली असे फिरवावे. ठोक्यांची लय एखाद्या स्थितीत बदलली किंवा थांबली तर बॅलन्सच्या दांड्याची टोके झिजलेली असू शकतात. घड्याळ अचानक फार पुढे जाऊ लागले असेल तर हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटत असण्याची शक्यता असते. हा दोष घड्याळजी काही क्षणांत घालवतो, त्यामुळे त्यावर घड्याळ नाकारण्याची गरज नाही.

विक्रेत्याने झाकण उघडून दाखवले पाहिजे. यावर तडजोड करू नये. आत प्रथम गंज शोधावा, विशेषतः चावीच्या दांडीजवळ, कारण ओल तिथूनच शिरते. मग स्क्रूंची तोंडे पाहावीत. ती ओरबाडलेली असतील तर चुकीच्या पेचकसाने, घाईने कोणी काम केले आहे, आणि तसे हात न दिसणाऱ्या जागीही फिरलेले असतात. एच.एम.टी.च्या जनता आणि पायलट या घड्याळांत 0231 क्रमांकाचे, 17 ज्वेलचे, हाताने चावी द्यायचे मशीन असते. ते तासाला 18,000 ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला 4,32,000. वंगण सुकल्यावरही घड्याळ हे ठोके देतच राहते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर धातू धातूवर घासत जातो. नुसते चालणे हा मशीनच्या तब्येतीचा पुरावा नव्हे, तो या कारणाने.

खरी तब्येत टाइमग्राफर सांगतो. हे यंत्र ठोके ऐकून तीन आकडे दाखवते. दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे, बॅलन्सचा झोका किती अंशांचा, आणि दोन बाजूंच्या ठोक्यांत किती फरक. पूर्ण चावी देऊन घड्याळ काच वर करून ठेवल्यावर झोका 270 ते 300 अंशांच्या आसपास असेल तर मशीन निरोगी मानावे. 220 च्या खाली गेला तर सर्व्हिसिंगची वेळ झालेली आहे. उभ्या स्थितीत झोका कमी होणारच, पण तो कोसळता कामा नये. ठोक्यांतला फरक एक मिलिसेकंदाच्या आत चांगला. झोक्याचा आकडा मशीनच्या जातीप्रमाणे यंत्रात भरलेल्या कोनावर अवलंबून असतो. तो कोन चुकीचा भरला तर दुबळे मशीनही सशक्त दिसते, म्हणून विक्रेत्याने पाठवलेल्या नुसत्या छायाचित्रावर विसंबू नये. रोजच्या फरकाचे मात्र फार अवडंबर माजवायला नको. दिवसाला अर्धा मिनिट चुकणारे घड्याळ 86,400 सेकंदांत 30 सेकंद चुकते. पन्नास वर्षांच्या मशीनला ते शोभते, आणि चांगला घड्याळजी ते आणखी जवळ आणतो.

संग्राहक : हे सगळे दोष दुरुस्त होतात, काका. तुम्हीच करता. म्हणून तर मी म्हणतो, मशीनचे पैसे कापून घ्या आणि डायल बघून निर्णय घ्या.

घड्याळजी : एच.एम.टी.मध्ये होतात. 0231 ची मोडकी मशीनं ढिगाने मिळतात, एकातला बॅलन्स काढून दुसऱ्यात बसवतो. पण फेवर-ल्यूबाचं 'ट्विन पॉवर' घेऊन या. त्याच्या जातीचा भाग शोधायला मला महिने लागतील आणि मिळाला तरी महाग पडेल. तिथे तुमची सुंदर डायल काय कामाची?

घड्याळजीच्या या उत्तराने वादाला वेगळे वळण मिळते. डायल की मशीन या प्रश्नाला सगळ्या घड्याळांसाठी एकच उत्तर नाही. जो भाग पुन्हा मिळणार नाही त्याची अवस्था आधी पाहायची, असा नियम धरला तर दोघांचे म्हणणे एकत्र बसते. एच.एम.टी. जनताचे मशीन बदलता येते, स्वच्छ मूळ डायल मिळणे अवघड, म्हणून तिथे संग्राहक बरोबर. दुर्मीळ मशीन असलेल्या घड्याळात घड्याळजी बरोबर. पहिल्या खरेदीसाठी याचा अर्थ असा की ज्याचे भाग मुबलक आहेत आणि ज्याच्यावर काम करणारा माणूस आपल्या गावात आहे, अशाच घड्याळाकडे वळावे. एच.एम.टी.ची हाताने चावी द्यायची घड्याळे आणि सायको 5 या कसोटीला चांगली उतरतात.

घड्याळातल्या घड्याळात विसंगती शोधणे ही पुढची पायरी. इथे भिंगाइतकीच माहितीचीही मदत होते. फेवर-ल्यूबाच्या डायलवर 'ट्विन पॉवर' लिहिलेले असेल तर आत स्प्रिंगचे दोन डबे दिसलेच पाहिजेत. एकच दिसला तर डायल आणि मशीन एकमेकांचे नाहीत. सायकोच्या झाकणावर चार आकडी मशीन क्रमांक, मग आडवी रेघ, मग केसचा क्रमांक असतो. पहिले चार आकडे आतल्या मशीनवरच्या क्रमांकाशी जुळले पाहिजेत. 7009 हे मशीन 17 ज्वेलचे आहे, म्हणून झाकणावर 7009 आणि डायलवर 21 ज्वेल्स असे दिसले तर जुळणी बाहेरची आहे. सायकोच्या सहा आकडी अनुक्रमांकात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो आणि दुसरा महिना. 83 ने सुरू होणारा क्रमांक मार्च 1978 चा असेल किंवा मार्च 1988 चा. त्यातले कोणते, हे मशीन आणि घडण पाहून ठरते. अनोळखी स्विस नावांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. एफ.एच.एफ. कंपनीचे एसटी 96 हे साधे, टिकाऊ मशीन कितीतरी नावांच्या घड्याळांत असे, त्यामुळे त्याच्यावर कोणतीही डायल चढवून नवे 'जुने' घड्याळ तयार करणे सोपे पडते.

घड्याळजी : जुळवलेलं असलं म्हणून ते फेकून द्यायचं का? मी स्वतः दोन मोडक्यांचं एक चालतं करतो. माणसाला वेळ मिळते.

संग्राहक : फेकू नये. जुळवलेलं आहे असं सांगून, जुळवलेल्याच्या भावात विकावं. चावी, काच, स्प्रिंग बदललेली असेल तर मी तक्रार करणार नाही, ते झिजणारेच भाग आहेत. डायल, काटे, केस आणि मशीन एकमेकांचे हवेत.

अंधारात चमकणारा रंग वय सांगतो आणि कधी धोकाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा रंग असे. साधारण 1960 च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली आणि स्विस डायलवर 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर येऊ लागले. ट्रिटियमचे अर्धायुष्य 12.3 वर्षांचे आहे. 1970 च्या घड्याळात आता त्याचा विसाव्या हिश्शाहूनही कमी भाग उरलेला असतो. असे घड्याळ अंधारात लख्ख चमकत असेल तर रंग नवा लावलेला आहे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षांचे आहे. त्या रंगातला चमकणारा पदार्थ थकून विझतो, किरणोत्सार मात्र चालूच राहतो. मुंबई आणि कलकत्त्यात बस्तान बसवलेल्या वेस्ट एंड कंपनीच्या 'सोवार'सारख्या जुन्या घड्याळांवर तपकिरी, भुसभुशीत झालेला रंग दिसला तर ते घरी उघडू नये, रंग खरवडू नये आणि त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. बंद काचेआडचे घड्याळ अधूनमधून वापरणे वेगळे आणि ते उघडून बसणे वेगळे. पहिल्या खरेदीत रेडियमचे घड्याळ टाळलेलेच बरे.

एवढे पाहून झाल्यावर किमतीचा विचार येतो. सर्वांत जास्त चूक इथे होते, कारण नवखा माणूस मागितलेल्या किमतींची तुलना करतो. मागितलेला आकडा म्हणजे विक्रेत्याची इच्छा, आणि तो महिनोन्‌महिने तसाच लटकत राहू शकतो. त्याच मॉडेलची, त्याच प्रकारच्या डायलची घड्याळे प्रत्यक्षात केवढ्याला गेली, हे शोधावे. तीन-चार पूर्ण झालेले व्यवहार सापडले तरी अंदाज बांधता येतो.

समजा, मूळ डायलचे, नुकतेच सर्व्हिसिंग झालेले एक घड्याळ अलीकडे 8,000 रुपयांना गेले. समोरच्या घड्याळाची डायल मूळ आहे, पण शेवटचे तेल कधी दिले ते कोणाला ठाऊक नाही, काच तडकली आहे आणि चावी भलत्याच घड्याळाची आहे. सर्व्हिसिंगचे 1,500, काचेचे 300, योग्य चावीचे 700 असे 2,500 रुपये वजा झाले. न दिसलेल्या दोषासाठी आणखी 500 ते 1,000 बाजूला ठेवले. उरतात 4,500 ते 5,000. हे आकडे हिशेबाची रीत समजावण्यापुरते आहेत. आपल्या गावातल्या घड्याळजीचे दर आधी विचारून ते भरायचे असतात.

घड्याळजी : आता माझा हिशेब बघा. दुसरं घड्याळ, रंगवलेली डायल, पण मशीन मी परवाच धुऊन बसवलंय, सहा महिन्यांची हमी देतो. त्याचे 6,000 मागितले तर काय वाईट? घेणाऱ्याला वर एक रुपया लागणार नाही.

संग्राहक : तुमच्या कामाचे पैसे रास्तच आहेत, काका. चूक तुलनेत आहे. मूळ डायलच्या 8,000 मधून थोडेसे कमी करून 6,000 आलेत. रंगवलेल्या डायलचं तेच मॉडेल बाजारात 2,500 ला जात असेल, तर 2,500 अधिक तुमची मजुरी. 4,000 झाले.

घड्याळजी : आणि ज्याला विकायचं नाही, फक्त वापरायचंय?

संग्राहक : त्याने जरूर घ्यावं. पण 4,000 ला.

या ठिकाणी संग्राहकाचे गणित अधिक बरोबर आहे. रंगवलेल्या डायलसाठी अमुक टक्के कापावेत असा नियम कुठेही सांगितलेला असला तरी तो उपयोगाचा नाही. जनताच्या डायलला लागणारी कपात आणि एखाद्या दुर्मीळ स्विस घड्याळाच्या डायलला लागणारी कपात यांत फार अंतर असते. रंगवलेल्याची तुलना रंगवलेल्याशी करायची, हे सूत्र धरले की टक्क्यांची गरज उरत नाही. घड्याळजीच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करावी लागते. हमीसह चालणाऱ्या घड्याळाला, हमी न देणाऱ्या विक्रेत्याच्या तशाच घड्याळापेक्षा जास्त पैसे देणे शहाणपणाचे आहे, कारण तो जादा पैसा जोखमीचा आहे आणि जोखीम विक्रेत्याने उचललेली आहे.

'न वापरलेले, कोरे' या दाव्यासाठी जादा पैसे मागितले जातात. तेव्हा पट्ट्याच्या पिना जिथे बसतात त्या भोकांभोवती ओरखडे पाहावेत. एकदाही पट्टा न लावलेल्या घड्याळात ते नसतात. झाकणाच्या खाचांवर पेचकसाची खूण, चावीच्या दात्यांत मळ, यांपैकी काहीही असेल तर कोरेपणाचा दर देऊ नये. डबी आणि हमीपत्र असेल तर त्यावरचा क्रमांक घड्याळाशी जुळवून पाहावा. रिकाम्या डब्याही स्वतंत्र विकल्या जातात.

घासाघीस करताना दोष एकामागून एक मोठ्याने मोजून विक्रेत्याला चिडवण्यापेक्षा, दुरुस्तीचा खर्च धरून काढलेला आकडा एकदाच सांगणे अधिक उपयोगी पडते. तो नाकारला तर उठून यावे. जनता किंवा सायको 5 पुन्हा मिळणार नाही अशी परिस्थिती अजून आलेली नाही. सौदा ठरला तर मॉडेलचे नाव, झाकणावरचा क्रमांक, डायल मूळ की रंगवलेली आणि परत करण्याची मुदत, एवढे पावतीवर लिहून घ्यावे. आठवडाभराची मुदत पुरते. पहिल्या दिवशी घड्याळ आपल्या घड्याळजीकडे उघडून दाखवावे. उरलेले दिवस रोज एकाच वेळी चावी देऊन रेडिओच्या वेळेशी ताडून फरक लिहून ठेवावा, आणि रात्री घड्याळ एकदा आडवे, एकदा उभे ठेवून पाहावे. मुदतीच्या आत मशीन थांबले किंवा मूळ सांगितलेली डायल रंगवलेली निघाली, तर पावती घेऊन ते परत करावे.